स्मशानाला दर्जा नाकारणारा महापौर

महापौर म्हणजे फिती कापणारा माणूस, अशी आपल्याकडे समजूत आहे आणि ती पुष्कळशी खरीही आहे. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्याने कार्यकारी सत्ता आयुक्तांच्या हाती दिली. महापौरांच्या वाट्याला सभेचे अध्यक्षस्थान आणि समारंभाचा झगा आला. राखीव जागेवर आपला माणूस महापौर किंवा नगराध्यक्ष झाला की आपण मिरवणूक काढतो, गुलाल उधळतो, निळे फेटे बांधतो. मुदत संपल्यावर त्याने काय केले असे कोणी विचारले, तर मात्र आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. पद मिळवण्यासाठी आपण जितके झगडलो, तितका विचार त्या पदावर बसून काय करायचे याचा केला नाही.

मुंबईचे जर्मनीतील स्टुटगार्ट या शहराशी 1968 पासून भगिनी-शहराचे नाते आहे. अशा नात्यांतून बहुधा नगरसेवकांचे दौरे निघतात आणि भेटवस्तूंची देवाणघेवाण होते. पण त्या शहराच्या एका महापौराची कारकीर्द आपण मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. त्यांचे नाव मॅनफ्रेड रोमेल. 1974 ते 1996 अशी सलग बावीस वर्षे ते स्टुटगार्टचे महापौर होते. ते आपल्या विचाराचे नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियन या पुराणमतवादी पक्षाचे ते सभासद होते, पालिकेचा पैसा जपून खर्च करणारे, कर्जाला भिणारे गृहस्थ होते. क्रांतीची भाषा त्यांनी कधी केली नाही. तरीही एका प्रश्नावर ते जेथे उभे राहिले, तेथे आपल्या देशातले भलेभले पुरोगामी उभे राहू शकलेले नाहीत. तो प्रश्न होता मेलेल्या माणसाला जमीन देण्याचा.

स्मशानाचा प्रश्न आपल्याला नव्याने समजावून सांगायला नको. गावकुसाबाहेर ज्यांचा जन्म गेला, त्यांचे प्रेतही गावकुसाबाहेरच जळाले. म्हणूनच स्टुटगार्टमध्ये 1977 च्या ऑक्टोबर महिन्यात काय घडले, ते नीट सांगतो.

त्या वर्षी पश्चिम जर्मनी हादरून गेला होता. ‘रेड आर्मी फॅक्शन’ नावाच्या सशस्त्र डाव्या गटाने एप्रिलमध्ये देशाच्या मुख्य सरकारी वकिलाची हत्या केली. 5 सप्टेंबरला उद्योगपतींच्या संघटनेचे अध्यक्ष हान्स मार्टिन श्लायर यांचे कलोनमध्ये अपहरण झाले आणि त्यात त्यांचा चालक व तीन पोलीस मारले गेले. 13 ऑक्टोबरला प्रवाशांनी भरलेले विमान पळवण्यात आले आणि पुढे त्याच्या वैमानिकाला गोळी घालण्यात आली. तुरुंगातील साथीदारांना सोडा, ही मागणी होती. 18 ऑक्टोबरच्या पहाटे मोगादिशू येथे जर्मन कमांडोंनी विमान सोडवले. त्याच रात्री स्टुटगार्टच्या स्टामहाइम तुरुंगात आंद्रेआस बाडर, गुडरून एन्सलिन आणि यान-कार्ल रास्पे या तीन प्रमुख कैद्यांचा मृत्यू झाला. अधिकृत निष्कर्ष आत्महत्येचा होता. दुसऱ्या दिवशी श्लायर यांचे प्रेत फ्रान्समध्ये एका मोटारीच्या डिकीत सापडले.

आता हे तीन मृतदेह पुरायचे कोठे? गुडरून एन्सलिनचे वडील स्टुटगार्टमध्ये धर्मोपदेशक होते. मुलीला आणि तिच्या दोन्ही साथीदारांना एकाच ठिकाणी माती मिळावी, अशी त्यांची विनंती होती. शहरात संताप उसळला. आमच्या माणसांशेजारी हे खुनी नकोत, असे लोक बोलू लागले. रोमेल यांच्या स्वतःच्या पक्षातही नाराजी होती. वर्तमानपत्रे पेटलेली होती. महापौराने गप्प बसून प्रश्न दुसऱ्या गावावर ढकलला असता, तर एकाही मतदाराने त्याला दोष दिला नसता.

रोमेल यांनी परवानगी दिली. शहराच्या दक्षिणेकडील डोर्नहाल्डन या दफनभूमीत तिघांना एकत्र जागा दिली. पहिल्या दर्जाची आणि दुसऱ्या दर्जाची दफनभूमी असा भेद आपण मानणार नाही, असे त्यांनी सांगितले. प्रत्येक वैर कोठेतरी संपले पाहिजे आणि आपल्यापुरते ते मृत्यूपाशी संपते, असेही सांगितले. 25 ऑक्टोबरला स्टुटगार्टमध्येच श्लायर यांचा शासकीय इतमामाने अंत्यविधी झाला. 27 ऑक्टोबरला पोलिसांच्या प्रचंड बंदोबस्तात त्याच शहरात या तिघांचे दफन झाले. खून झालेला आणि खुनी ठरवले गेलेले, दोघांनाही एकाच नगरपालिकेने माती दिली.

येथे एक गैरसमज होऊ नये. रोमेल यांनी त्या गटाच्या कृत्यांचे समर्थन केले नाही. हिंसेबद्दल त्यांना तिळमात्र सहानुभूती नव्हती. आपणही बुद्धाच्या मार्गाने जाणारे लोक आहोत. बंदुकीने समता येत नाही, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले आहे. रोमेल यांची भूमिका कायद्याच्या माणसाची होती. ते ट्यूबिंगेन विद्यापीठातून कायदा शिकलेले होते. दफनभूमी ही पालिकेची सेवा आहे आणि ती नागरिकाच्या गुणावगुणांवर अवलंबून नाही, इतका साधा तो विचार होता. शिक्षा देणे हे न्यायालयाचे काम. प्रेताला शिक्षा देण्याचा अधिकार कोणत्याच कायद्याने कोणालाच दिलेला नाही.

हे धैर्य आले कोठून? यासाठी त्यांच्या घराकडे पाहावे लागते.

मॅनफ्रेड हे फील्ड मार्शल एर्विन रोमेल यांचे एकुलते चिरंजीव. हिटलरचा गाजलेला सेनापती, ‘वाळवंटातला कोल्हा’ म्हणून ज्यांची पुस्तके आजही रेल्वे स्टेशनवर खपतात, तेच हे रोमेल. (आपल्याकडच्या काही तरुणांना या सेनापतीचे जे वेड असते, ते मला कधी समजलेले नाही. गोबेल्सच्या प्रचारयंत्रणेने घडवलेला तो नायक होता आणि वर्षानुवर्षे त्याने हिटलरचीच चाकरी केली.) 20 जुलै 1944 रोजी हिटलरला मारण्याचा कट फसला आणि संशय एर्विन रोमेल यांच्यापर्यंत आला. 14 ऑक्टोबर 1944 रोजी उल्मजवळच्या हेर्लिंगेन येथील त्यांच्या घरी दोन जनरल आले. विष घ्या किंवा खटल्याला सामोरे जा, असा पर्याय त्यांनी ठेवला. विष घेतले तर कुटुंबाला त्रास होणार नाही आणि सरकारी इतमामाने अंत्यविधी होईल, असा सौदा होता. एर्विन रोमेल यांनी ही गोष्ट पत्नीला सांगितली, पंधरा वर्षांच्या मुलाला सांगितली, आणि ते मोटारीत बसून निघून गेले. थोड्याच वेळात ते मेल्याचा निरोप घरी आला.

मग 18 ऑक्टोबर 1944 रोजी उल्ममध्ये भव्य शासकीय अंत्यविधी झाला. हवाई हल्ल्यातील जखमांमुळे सेनापतीला मरण आले, असे देशाला सांगण्यात आले. ज्यांनी विष पाजले त्यांनीच पुष्पचक्र वाहिले. खरे काय ते ठाऊक असलेला मुलगा तेथे उभा होता आणि त्याला तोंड उघडता येत नव्हते.

18 ऑक्टोबर 1944 आणि 18 ऑक्टोबर 1977. तारखा जुळल्या हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. परंतु राज्यसत्ता प्रेताचा वापर कसा करते, एखाद्याला खोटा सन्मान कसा देते आणि एखाद्याला मातीही कशी नाकारू शकते, हे या माणसाने पुस्तकात वाचलेले नव्हते, बापाच्या शवपेटीशेजारी उभे राहून पाहिलेले होते. 1978 साली काही जर्मन दिग्दर्शकांनी मिळून त्या दिवसांवर ‘शरदातील जर्मनी’ या अर्थाच्या नावाचा चित्रपट केला. त्यात श्लायर यांची अंत्ययात्रा आहे, डोर्नहाल्डनचे दफन आहे आणि 1944 च्या अंत्यविधीचे जुने चित्रणही आहे. दिग्दर्शकांनाही हाच धागा दिसला होता.

एवढ्या मोठ्या बापाचा मुलगा त्याच्या नावावर जन्मभर जगू शकला असता. आपल्या राजकारणात तर तोच धंदा आहे. मॅनफ्रेड रोमेल यांनी मात्र सरकारी नोकरीतून सुरुवात केली. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याच्या प्रशासनात ते पायरी पायरीने वर चढले, अर्थखात्याचे राज्य सचिव झाले आणि 1974 साली दुसऱ्या फेरीत समाजवादी लोकशाही पक्षाच्या उमेदवाराला हरवून महापौर झाले. त्या राज्यात महापौर थेट जनतेतून आठ वर्षांसाठी निवडला जातो. तो नगरसभेचा अध्यक्ष असतो आणि प्रशासनाचा प्रमुखही असतो. सही त्याची, जबाबदारी त्याची आणि शिव्याही त्यालाच. सत्ता आयुक्तांकडे आणि शिव्या महापौरांना, अशी आपल्याकडची सोय तेथे नाही.

त्या काळी राज्याचे मुख्यमंत्री होते त्याच पक्षाचे हान्स फिल्बिंगर, ज्यांच्या हाताखाली रोमेल यांनी पूर्वी काम केले होते. 1977 सालीच दोघांची आणखी एक टक्कर झाली. स्टुटगार्टच्या नाट्यगृहाचे संचालक क्लाउस पायमान यांनी तुरुंगातील एन्सलिनच्या दातांच्या उपचारासाठी वर्गणीचे पत्र नाट्यगृहात लावले. फिल्बिंगर यांना पायमान यांची हकालपट्टी हवी होती. रोमेल आडवे आले. पायमान करार संपेपर्यंत, म्हणजे 1979 पर्यंत, पदावर राहिले.

या फिल्बिंगरांबद्दल वकील म्हणून दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तेही कायद्याचे पदवीधर होते. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलाच्या लष्करी न्यायव्यवस्थेत काम करत होते. वाल्टर ग्रोगर नावाच्या तरुण खलाशाला पळून जाण्याच्या प्रयत्नाबद्दल मृत्युदंड द्यावा, अशी मागणी त्यांनी अभियोक्ता म्हणून केली आणि मार्च 1945 मध्ये, युद्ध हरल्यात जमा असताना, तो खलाशी गोळ्या घालून मारला गेला. 1978 साली नाटककार रोल्फ होखहुथ यांनी हे प्रकरण उघडकीस आणले. तेव्हा जे कायदेशीर होते ते आज बेकायदेशीर कसे ठरेल, अशा आशयाचा त्यांचा बचाव जर्मनीत कुप्रसिद्ध झाला. ऑगस्ट 1978 मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला.

हा युक्तिवाद आपल्याला ओळखीचा वाटतो ना? मनुस्मृती हाही एके काळचा कायदाच होता. पेशवाईत गळ्यात मडके बांधायला लावणारेही आपण रीतीप्रमाणेच वागतो असे समजत होते. एकाच पक्षातले, एकाच राज्यातले, एकाच विषयाचे पदवीधर असे हे दोन पुढारी. एकाने कायद्याच्या आड लपून माणूस मारला आणि दुसऱ्याने कायद्याचा आधार घेऊन मेलेल्या माणसाची बाजू घेतली. वकिली परीक्षेचे गुण पाहून या दोघांत कोण निवडायचा हे कळले नसते.

फिल्बिंगर गेल्यावर मुख्यमंत्रिपदासाठी रोमेल यांचे नाव पुढे आले होते. पक्षाच्या आमदारांनी लोथार स्पेट यांना निवडले. डोर्नहाल्डनची किंमत म्हणून ते पद गेले, असे मी ठामपणे म्हणणार नाही. राजकारणात कारणे एकापेक्षा अधिक असतात. पण पक्षशिस्त मोडणाऱ्यांना पक्ष कसे लक्षात ठेवतात, हे आपल्यापैकी ज्यांनी ज्यांनी राष्ट्रीय पक्षांची उमेदवारी मागितली आहे त्यांना विचारा. रोमेल महापौरच राहिले आणि शहराचे काम करत राहिले. रस्ते, शहरी रेल्वे, पालिकेचा हिशेब यांत त्यांचे दिवस गेले. जर्मन शहरांच्या महासंघाचे अध्यक्षपदही त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. या भागात नाट्य नाही, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

दुसरी कसोटी 1989 साली आली. स्टुटगार्टच्या मोटार कारखान्यांत तुर्कस्तान, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस येथून आलेले मजूर राबत होते. ‘पाहुणे कामगार’ हे त्यांचे सरकारी नाव. पाहुणा म्हणायचे, घाणीचे काम द्यायचे आणि पाहुण्याने एक दिवस निघून जावे अशी अपेक्षा ठेवायची. रोमेल यांनी या लोकांना शहराचे रहिवासी मानले आणि त्यांना सामावून घेणारी धोरणे आखली. त्या वर्षी ‘रिपब्लिकानर’ हा परदेशी लोकांविरुद्ध आग ओकणारा पक्ष (नाव ऐकून दचकू नका, आपल्या रिपब्लिकन पक्षाशी त्याचा काडीचा संबंध नाही) बर्लिनच्या विधानसभेत आणि मग युरोपीय संसदेतही शिरला होता. अशा वातावरणात 8 ऑगस्ट 1989 रोजी स्टुटगार्टच्या गाइसबुर्ग पुलावर आश्रय मागायला आलेल्या एका आफ्रिकी माणसाने दोन पोलिसांना भोसकून ठार मारले. तोही पोलिसांच्या गोळीने मेला. शहर पुन्हा पेटण्याच्या बेतात होते. एका माणसाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या परदेशी माणसांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका, हे महापौरांनी त्या क्षणी सांगितले. त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. पुढच्याच वर्षी, 1990 मध्ये, निवडणूक होती. रोमेल सत्तर टक्क्यांहून अधिक मते घेऊन पहिल्याच फेरीत निवडून आले.

मते जातील म्हणून आम्ही बोलत नाही, असे खासगीत सांगणारे आपले प्रतिनिधी हा आकडा लक्षात ठेवतील काय?

या सगळ्याशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. कागदावर पाहिले तर आपल्याजवळ रोमेल यांच्यापेक्षा अधिक हत्यारे आहेत. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत दफनभूमी, स्मशानभूमी आणि विद्युतदाहिनी हा विषय नगरपालिकांकडे दिला आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा, 1955 च्या कलम 4 मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून स्मशान वापरू न देणे हा गुन्हा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 साली झालेल्या दुरुस्तीतही स्मशानाचा स्पष्ट उल्लेख आला. माणसाच्या प्रतिष्ठेचा हक्क त्याच्या मृतदेहालाही लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा यांच्या 1995 च्या प्रकरणात म्हटले आहे.

आणि व्यवहारात? 2020 च्या सप्टेंबरमध्ये हाथरसच्या वाल्मिकी समाजातील मुलीचे प्रेत प्रशासनाने रात्री अडीचच्या सुमारास, आईबापांना तोंडही न दाखवता, शेतात जाळले. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनऊ खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन प्रशासनाला जाब विचारला. ती मुलगी कोणाची मारेकरी नव्हती, ती तर अत्याचाराची बळी होती. स्टुटगार्टने ज्यांना खुनी मानले त्यांना आपल्या दफनभूमीत आणि आईबापांच्या देखत माती दिली. आपल्याकडे बळी गेलेल्या मुलीच्या आईला हळद लावण्याइतकाही वेळ मिळाला नाही.

माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. गावाचे नाव लिहीत नाही. बौद्ध वस्तीला स्वतंत्र स्मशानभूमी नाही, ओढ्याकाठी अंत्यविधी होतो आणि पावसाळ्यात ओढा भरला की प्रेत घरात ठेवून पाणी ओसरण्याची वाट पाहावी लागते. गावच्या स्मशानात पत्र्याची शेड आहे, काँक्रीटचा रस्ता आहे. तेथे जायला कोणी लेखी मनाई केलेली नाही. ‘तुम्ही तिकडे करता ना नेहमी’ एवढेच म्हटले जाते. ग्रामपंचायतीत राखीव जागेवर निवडून आलेले आमचे दोन सदस्य होते. ठराव मांडा म्हणालो, तर ‘साहेब, गावात राहायचे आहे’ हे उत्तर मिळाले. मी त्यांना दोष देत नाही. गावात मला राहायचे नव्हते, त्यांना राहायचे होते.

पण याच महाराष्ट्रात महाडच्या नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर राहिला. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेऊन तो प्रत्यक्षात आणला, तेव्हा सनातन्यांनी दगडकाठ्या उचलल्या आणि 4 ऑगस्ट 1927 रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे दहा वर्षे कोर्टात गेली आणि 1937 मध्ये उच्च न्यायालयात निकाल लागला. दबाव आला की पालिका कशी वाकते, हे आपण एवढ्या जवळून पाहिले आहे. म्हणून दबाव येऊनही न वाकलेल्या पालिकेची गोष्ट आपल्याला माहीत असली पाहिजे. घटनात्मक नीती ही माणसात उपजत नसते, ती मुद्दाम जोपासावी लागते, असे बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत सांगितले होते. नाझी राजवटीत वाढलेल्या, चौदाव्या वर्षी विमानविरोधी तोफांवर कामाला लावलेल्या मुलामध्येही ती जोपासली जाऊ शकते, हे स्टुटगार्टने दाखवले.

आगामी पालिका निवडणुकांसाठी ज्यांनी आपल्या वस्त्यांतून अर्ज भरायचे ठरवले आहे, त्यांच्याकडे माझी एक मागणी आहे. आपल्या प्रभागातील स्मशानभूमीची नोंद कोणत्या नावाने आहे, तिच्यावर किती खर्च झाला, तेथे दिवा, पाणी, शेड आहे की नाही आणि ती सर्वांना खुली असल्याचा फलक लावला आहे की नाही, ही माहिती अर्ज भरण्यापूर्वी माहिती अधिकारात मागवा. दहा रुपये शुल्क लागते. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.

मॅनफ्रेड रोमेल 1996 अखेर निवृत्त झाले. नंतरची वर्षे त्यांनी कंपवाताशी झगडत आणि विनोदी पुस्तके लिहीत काढली. 7 नोव्हेंबर 2013 रोजी त्यांचे निधन झाले. 2014 मध्ये स्टुटगार्टच्या विमानतळाला त्यांचे नाव देण्यात आले. डोर्नहाल्डनची ती कबर आजही तेथेच आहे.